गुहेतलं गाव, आठवड्याचा पाव

17 मे 1952 रोजी इटलीत 619 क्रमांकाचा कायदा झाला. मातेरा गावात गुहांमध्ये राहणाऱ्या माणसांना तिथून हलवून नव्या वस्त्यांत घरं द्यायची, असं त्यात ठरलं होतं. गावाची लोकसंख्या तेव्हा तीस हजारांच्या आसपास होती. त्यातली निम्मी माणसं दरीच्या कड्यात कोरलेल्या ‘सास्सी’ या वस्तीत राहत होती. एकाच खोलीत आईबाप, पोरंबाळं, खेचर आणि कोंबड्या, असा संसार. हिवताप पाचवीला पुजलेला.

मातेरा हे बासिलिकाता प्रांतातलं गाव. नकाशावर इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया, पुढची बोटं म्हणजे कालाब्रिया आणि या दोहोंच्या मधला तळवा म्हणजे बासिलिकाता. टस्कनीची सहल करून आलेल्यांना हे नाव बहुधा ठाऊक नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. खुद्द इटलीनंही या प्रांताकडे शतकानुशतकं ढुंकून पाहिलं नव्हतं. तिचं लक्ष गेलं ते एका पुस्तकामुळे. कार्लो लेवी हा तुरीनचा चित्रकार आणि डॉक्टर. मुसोलिनीच्या राजवटीनं 1935 मध्ये त्याला तडीपार करून या प्रांतात पाठवलं, आधी ग्रासानोत आणि मग आलियानोत. तिथल्या अनुभवांवरचं त्याचं ‘ख्रिस्त एबोलीला थांबला’ हे पुस्तक 1945 मध्ये आलं. एबोली हे अलीकडचं गाव. ख्रिस्त तिथवरच आला, पलीकडच्या आम्हाला माणसांत कोणी धरलंच नाही, अशी इथल्या शेतकऱ्यांची भावना त्या नावात आहे. लेवीच्या बहिणीनं पाहिलेलं मातेराही या पुस्तकात आहे. रस्त्यात तिच्यामागे लागलेली पोरं पैसे मागत नव्हती, क्विनीन मागत होती.

मग पुढाऱ्यांची रीघ लागली. कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती 1948 मध्ये येऊन गेले, पंतप्रधान दे गास्पेरी 1950 मध्ये आले. मातेरा ही राष्ट्राची लाज ठरली, आणि दोन वर्षांत कायदाही झाला.

या सगळ्या काळाकडे मागे वळून पाहताना मला एक गोष्ट खटकत राहते. लाज वाटली ती रोमला. पुढे कौतुक वाटलं तेही बहुतांशी बाहेरच्यांनाच. गुहेत राहणाऱ्या बाईनं दोन्ही वेळा फक्त ऐकून घेतलं. तिच्या हातात एकच कारभार होता, चुलीचा, आणि तो तिनं कोणाच्या निकालाची वाट न पाहता चालू ठेवला.

तिच्या पावापासूनच सुरुवात करू. हा पाव मैद्याचा नव्हे, डुरम गव्हाच्या पिवळसर रव्याचा. आंबवण आधीच्या पिठातून राखून ठेवलेलं. पीठ घरी मळायचं आणि भाजायला गावच्या सामाईक भट्टीवर पाठवायचं. तिथे दहा घरांचे पाव एकत्र, मग आपला ओळखायचा कसा? त्यासाठी प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असे. धनगर फावल्या वेळात ते कोरत. वर कोंबडा नाहीतर माणसाची आकृती आणि खाली कुटुंबाची आद्याक्षरं. भट्टीत जाण्याआधी तो कणकेवर दाबला की काम झालं. पाव चांगला मोठा, कारण तो आठवडाभर पुरवायचा असे. शिळा झाला की पाण्यात भिजवून त्यावर टोमॅटो, कांदा आणि तेल घालायचं. हीच ‘च्यालेद्दा’, शेतावर जाणाऱ्या माणसाची न्याहारी. पावाचा चुराही वाया जात नसे. तो तेलात परतून शेवयांवर भुरभुरला की ज्याच्याकडे चीज नाही त्याचंही भागत असे. आज रोममधली उपाहारगृहं तोच चुरा भुरभुरून वर दाम लावतात.

शेजारही असाच सामाईक होता. चार-सहा गुहांची दारं एका अंगणात उघडायची, आणि पाण्याचं टाकं सगळ्यांचं. एक ऑगस्टला घरोघरचं मूठ मूठ धान्य आणि कडधान्य गोळा करून एकाच भांड्यात शिजवायचं, त्याचं नाव ‘क्रापियाता’. नव्या वस्त्या बांधताना लुदोविको क्वारोनीसारख्या वास्तुविशारदांनी ही जवळीक टिकवायचा प्रयत्न केला. ला मार्तेल्ला या वस्तीत त्यांनी घरांना गोठे जोडून दिले. घरं नक्कीच बरी होती, नळाला पाणी होतं, मुलं जगू लागली. गुहांच्या आठवणीनं उसासे टाकणाऱ्या पर्यटकांनी हे विसरू नये. पण अंगण काही नकाशावर आखून उभं राहत नाही. तो शेजार मोडला तो मोडलाच.

प्रांताच्या दक्षिणेला सेनीझे आहे. तिथली लाल मिरची चवीला गोड, तिखटपणा नावाला नाही. साल पातळ, पाण्याचा अंश कमी, त्यामुळे ती उन्हात छान वाळते. देठातून दोरा ओवून माळा करतात आणि घरांच्या भिंतींवर टांगतात. खायच्या वेळी बिया काढून ती तेलात टाकायची आणि काही सेकंदांत, करपायच्या आत उचलायची. गार होताच ती आपल्या सांडगी मिरचीसारखी कुरकुरते. डोंगरातल्या आविल्यानो गावाकडे ती खारवलेल्या कॉड माशाबरोबर खातात. समुद्र लांब, ताजा मासा मिळायचा नाही, म्हणून खारा मासा आणि वाळकी मिरची. 1996 मध्ये या मिरचीला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं, मातेराच्या पावाला ते 2008 मध्ये.

वाइनची हकिगत मात्र वेगळी. उत्तरेला वुल्तुरे हा विझलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारांवरच्या काळ्या मातीत आल्यानिको जातीची द्राक्षं होतात. ती पिकायला इतका वेळ घेतात की तोडणी ऑक्टोबर उलटेपर्यंत लांबते. वाइन गडद, आंबटसर आणि भरपूर तुरट. तरुणपणी ती तोंड वाकडं करायला लावते, काही वर्षं मुरली की मऊ होते. गेल्या शतकात बराच काळ इथली वाइन पिंपांतून उत्तरेकडे जाई आणि तिथल्या फिक्या वाइनला रंग नि बळ द्यायला वापरली जाई. नाव अर्थातच उत्तरेचं लागे. 1971 मध्ये ‘आल्यानिको देल वुल्तुरे’ला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला, आणि 2010 मध्ये तिच्या ‘सुपेरिओरे’ प्रकाराला इटलीतला सर्वोच्च. माझ्या मते या साऱ्या काळात इथल्या शेतकऱ्यानं स्वतःच्या नावानं मिळवलेली हीच सर्वांत भक्कम कमाई. बारीले गावात दगडात कोरलेली वाइनची तळघरं ओळीनं उभी आहेत. पासोलिनीनं 1964 च्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरील चित्रपटासाठी मातेराचं जेरुसलेम केलं, तसं या बारीलेचं बेथलेहेम केलं.

चित्रपटवाले आले तेव्हा सास्सी ओस पडत चालली होती. ती वाचवण्याची पहिली धडपड, माझ्या मुद्द्याला छेद देत, गावातल्याच तरुणांनी केली. 1959 मध्ये त्यांनी ‘ला स्कालेत्ता’ नावाचं मंडळ काढलं आणि कड्यांमधली भित्तिचित्रांची गुहामंदिरं शोधून त्यांची नोंद केली. सरकारला जाग यायला 1986 उजाडलं. ज्या घरांतून माणसं काढली त्यांच्याच दुरुस्तीचा कायदा तेव्हा झाला. पुढचं भराभर घडलं. 1993 मध्ये युनेस्कोची यादी, 2004 मध्ये मेल गिब्सनचा ख्रिस्तपट, 2019 मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी. जेम्स बाँडची मोटारही याच गल्ल्यांतून धावली. जिथे खेचर बांधलेलं असे तिथे आता हॉटेलातलं न्हाणीघर आहे.

याला यश म्हणायचं का? पोटाच्या दृष्टीनं, हो. पण 1951 च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या सव्वासहा लाखांहून अधिक होती, आज ती साडेपाच लाखांच्या आत आहे. तरुण मिलानला जातात, तिथून जर्मनीला. मिरचीच्या माळा ओवणारे हात बहुतेक म्हातारे आहेत.

जाणार असाल तर मातेराच्या गुहांचे फोटो काढून त्याच संध्याकाळी परतू नका. सेनीझेला जा, वुल्तुरेच्या उतारावर एखाद्या तळघरात बसा, आलियानोत लेवीची कबर पाहा. मात्र जायचं कसं, ते आधी ठरवा. सांस्कृतिक राजधानीचं वर्ष साजरं झालं तेव्हाही इटलीची राष्ट्रीय रेल्वे मातेरापर्यंत पोहोचली नव्हती. लोक बारीला उतरून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं येत होते.