नांगरटीत टिटवीची अंडी दिसली तर काय करायचं?

उन्हाळी नांगरट सुरू असताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ‘टिटीव टिटीव’ ओरडायला लागली, की समजायचं, अंडी जवळपास आहेत.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. मार्च ते ऑगस्टदरम्यान उघड्या रानात छोटा खळगा करून त्यात बहुतेक वेळा चार अंडी घालते. अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची. ढेकळांत पटकन दिसत नाहीत, म्हणून ट्रॅक्टरखाली जातात.

नर-मादी आळीपाळीनं २८ ते ३० दिवस अंडी उबवतात. कडक उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात अन् अंडी गार ठेवतात. कुत्रं आलं तर पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब नेतात. पिल्लं मात्र निघाली की लगेच चालायला लागतात.

टिटवी ओरडली की अशुभ, असं म्हणतात. खरं तर ती पिल्लं राखत असते. शिवाय रानातले किडे, गोगलगायी खाते, म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचीच.

अंडी दिसली तर हात लावू नका, जागा बदलू नका. चार बाजूंना दगडांची खूण करा, ड्रायव्हरला आधीच सांगा अन् दोन-तीन पावलं जागा सोडून ट्रॅक्टर वळवा. पिल्लं गेली की तेवढा तुकडा कुदळीनं करता येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अंडी नासवणं गुन्हा आहे. पेरणीला अजून वेळ आहे. तिला एवढा महिना द्या.