कॅसेट आहे, पण लावायची कशावर?

अमरावतीत राजापेठला आमच्या दुकानात जुन्या कॅसेट फाइलमध्ये उतरवायला येतात त्या बहुतेक कापडदुकानाच्या पिशवीतून. आत रुमालात गुंडाळलेली व्हीएचएस, वर बॉलपेननं लिहिलेलं 'दादाचं लग्न, 1991'. दर विचारायच्या आधी माणूस विचारतो, "ताई, हे चालते का अजून?" मी झडप उघडून फीत उजेडात धरते. कडेला पांढरट भुकटी दिसली की बुरशी. लोकांना वाटतं, वऱ्हाडातल्या पंचेचाळीस डिग्रीनं कॅसेट खराब होते. ऊन वाईट आहेच, पण माझा राग कूलरवर आहे. उन्हाळाभर ओली हवा घरात फिरते, अलमारी नेमकी त्याच खोलीत, आणि लगेच पावसाळा लागतो. फितीला ओल सोसत नाही.

तरी बुरशी हा सोपा आजार. हळूहळू पुसून, व्हीसीआरचं हेड मधेमधे साफ करून ती निघते. माझा खरा वेळ खातं ते दुसरंच. चित्र शाबूत असतं, पण ते उघडायची किल्ली कुठल्यातरी कंपनीच्या खिशात असते. आणि ती कंपनी एकतर हा धंदा सोडून गेलेली असते, नाहीतर किल्लीचं भाडं मागत असते.

व्हीएचएसचं त्या मानानं बरं चाललं. सोनीनं 1975 मध्ये बीटामॅक्स आणलं, जेव्हीसीनं पुढच्याच वर्षी व्हीएचएस. सोनीचं चित्र थोडं सरस, असं जुने शूटिंगवाले अजून सांगतात. पण पहिल्या बीटामॅक्सवर तासभराचंच रेकॉर्डिंग मावायचं, व्हीएचएसवर दोन तासांचं. शिवाय जेव्हीसीनं इतर कंपन्यांना यंत्रं बनवायचे परवाने सढळ हातानं दिले. तिची मालक कंपनी मात्सुशिता, जिचा माल आपल्याकडे 'नॅशनल' या नावानं आला, तिनंही व्हीएचएसच धरलं. 1988 मध्ये खुद्द सोनीला व्हीएचएसचे व्हीसीआर काढावे लागले. याला बाजारातली लढाई म्हणतात, पण माझ्या टेबलावर त्याचा अर्थ साधा आहे: कुठल्याही कंपनीची कॅसेट कुठल्याही कंपनीच्या यंत्रात बसते. फुनाई या जपानी कंपनीनं 2016 च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं, तिच्यानंतर बनवणारं कोणी उरलं नाही. तरी भंगारात, कुणाच्या माळ्यावर, अकोल्याच्या एखाद्या जुन्या रिपेअरवाल्याकडे यंत्र सापडतं आणि चालतंही.

आमच्या ह्यांचा धंदा सुरू झाला तोच व्हीसीआर भाड्यानं द्यायचा. 1982 च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, त्याच्या मागोमाग व्हीसीआर. गणपतीत गल्लीची वर्गणी, रात्रभरात तीन सिनेमे, पहाटे हेड गरम झालेलं यंत्र परत. पुढे ह्यांनी खांद्यावरचा मोठा कॅमेरा घेतला आणि लग्नं सुरू झाली. त्या काळातली एक गोष्ट मी आजही लोकांना दाखवते. व्हीएचएसच्या पाठीवर एक चिमुकली प्लास्टिकची पट्टी असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. शंभरातल्या किती घरांनी तोडली असेल? न तोडलेल्या कॅसेटवर मंगलाष्टकं चालू असतात आणि आंतरपाट दूर व्हायच्या जरा आधी दूरदर्शनवरचं 'रामायण' सुरू होतं. घरात टीव्हीवरचं टेप करून नंतर बघणं बेकायदा नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी ठरवलं होतं. युनिव्हर्सल आणि डिस्ने सोनीविरुद्ध कोर्टात गेले होते. एक न्यायाधीश तिकडे सरकला असता तर रेकॉर्डचं बटण असलेलं यंत्र आपल्यापर्यंत कुठल्या रूपात आलं असतं, देव जाणे.

कंपन्यांनी जगाचे वाटे कसे केले, हे मला हॉलिवूडच्या आधी अमरावतीनं शिकवलं होतं. हे गाव सिनेमा वितरणाचं जुनं ठाणं. चित्रा चौक, प्रभात चौक ही नावं टॉकीजवरून पडलेली. सिनेमाच्या धंद्यात देशाचे वेगवेगळे 'सर्किट' असतात, आणि आपलं सर्किट अजूनही 'सी. पी. बेरार' म्हणून ओळखलं जातं. सी. पी. अँड बेरार हा प्रांत 1950 मध्ये नावापुरताही उरला नाही, विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात गेला, पण सिनेमाचे हक्क विकताना तो नकाशा तसाच टेबलावर येतो. 1996-97 मध्ये डीव्हीडी आली तेव्हा हॉलिवूडनं हेच जगभर केलं. अमेरिका 1 नंबर, युरोप आणि जपान 2, भारत 5. एका नंबरची डीव्हीडी दुसऱ्या नंबरच्या प्लेअरमध्ये चालू नये, अशी सोय. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला हा नंबर पाच वेळा बदलता येतो, त्यानंतर ड्राइव्ह एकाच नंबरला कायमचा चिकटतो. नंबर वितरकाच्या सोयीचा; पैसे देऊन डीव्हीडी विकत घेतलेल्या माणसाचा त्यात कोणी विचार केला नव्हता.

माझी नणंद न्यू जर्सीला. तिला लग्नाची कॅसेट पाठवली तेव्हा तिकडच्या व्हीसीआरवर नुसत्या लाटा दिसल्या, कारण आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, त्यांच्याकडे एनटीएससी. आपल्याकडे 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रं, त्यांच्याकडे 525 रेषा आणि जवळपास 30. यात कोणाची लबाडी नव्हती. दोन देशांच्या विजेच्या आणि टीव्हीच्या जुन्या सवयी होत्या. कॅसेट बदलून घेतली, काम झालं. डीव्हीडीचा नंबर मात्र कोणाच्या सवयीतून आला नाही, तो मुद्दाम घातला. या दोन गोष्टींत फरक करायला ग्राहकानं शिकलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

डीव्हीडीला नंबराशिवाय कुलूपही होतं, ते 1999 मध्ये फुटलं. नॉर्वेतला योन लेक योहान्सेन हा शाळकरी वयाचा मुलगा आणि त्याचे साथीदार यांनी ते फोडणारा प्रोग्रॅम बाहेर काढला. त्याच्यावर खटला झाला आणि 2003 मध्ये तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी स्वतःच्या कॉम्प्युटरवर बघणं हा गुन्हा कसा, असा साधा सवाल होता.

आपल्याकडे या सगळ्या भांडणाच्या आधी व्हीसीडी येऊन घरोघरी बसली होती. 1993 चं तंत्र, चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, एका चकतीवर 74 मिनिटं. म्हणून सिनेमा दोन-तीन चकत्यांचा आणि लग्नही तसंच. पाहुण्यांचे चेहरे नाचताना चौकोनी व्हायचे. तरी मी व्हीसीडीला नावं ठेवत नाही. तिला कुलूप नव्हतं, नंबर नव्हता, पाचशे रुपयांचा प्लेअरही ती खायचा. 2007 मध्ये मोझर बेअर या दिल्लीच्या कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढली, तेव्हा चोरटा माल विकणाऱ्यांनाही घाम फुटला. ती कंपनी पुढे बुडाली, 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली. चोरीच्या बाबतीत कायद्याला जमलं नाही ते काही काळ किमतीनं जमवलं, एवढं श्रेय तिला द्यायला हवं.

व्हीसीडीचा आजार वेगळा. नवरानवरीच्या फोटोचं गोल स्टिकर चकतीवर चिकटवायची फॅशन होती. सीडीत चकाकणारा थर वरच्या बाजूला, नुसत्या लाखेखाली असतो. स्टिकर सुटलं की थरासकट सुटतं. कृपा करून ते नखानं काढू नका.

पण सगळ्यात जास्त घरांना फसवलं ते 2004-05 नंतरच्या छोट्या डीव्हीडी कॅमेऱ्यांनी. आठ सेंटिमीटरची चकती, शूटिंग झालं की कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' करायचं असतं. कोणी सांगितलंच नाही, कोणी केलंच नाही. आता ती चकती कॉम्प्युटरला कोरी दिसते. मूल पहिलं पाऊल टाकतंय ते त्यात आहे, पण ते सरळ दाखवणार तोच कॅमेरा, आणि तो बॅटरी फुगून कधीच मेलेला. मिनी डीव्हीचंही थोडं तसंच. चित्र अजूनही छान, पण फीत लागते ती मिनी डीव्हीच्याच कॅमेऱ्यात आणि कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायला फायरवायरचं भोक लागतं. ते भोक असलेला कॉम्प्युटर आज दुकानात मागून बघा.

आणि मग येतात पेन ड्राइव्हवाले. "ताई, पिक्चर आहे यात, पण उघडत नाही." आत एकच फाइल, विंडोज मूव्ही मेकरची. ती फिल्म नसतेच. कुठला तुकडा कुठे लावायचा, याची ती नुसती यादी असते; तुकडे ज्या कॉम्प्युटरवर होते तो विकून झालेला. मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टनं 2017 च्या जानेवारीत बंद केला. विंडोजसोबत फुकट मिळालं म्हणून घराघरानं वापरलं, आणि ज्यानं दिलं त्यानंच उचलून नेलं.

फुकट मिळण्याच्या या गोष्टीवर माझं मत जरा कडवट आहे. नव्वदच्या दशकात आणि नंतरही अमरावतीत असेंबल केलेला कॉम्प्युटर यायचा, त्यात विंडोज असायचंच आणि बिलात ते नसायचं. आम्हाला वाटायचं, आपण कंपनीला फसवलं. पण सगळ्यांच्या हाताला तीच सवय लागली, लग्नाचं शूटिंग जोडायचं, म्हणजे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर त्यावरच आलं, टायटलचे मराठी फॉन्ट त्यावरच आले. नोकरीसाठी पोरं एमएस-सीआयटी करायला लागली तेव्हा तिथेही विंडोज आणि ऑफिसच शिकली. मक्तेदारी धाकदपटशानंच येते असं नाही. शेजाऱ्याकडे आहे तेच घ्यावं लागतं, नाहीतर त्याची फाइल आपल्याकडे उघडत नाही, एवढं पुरतं.

सरकारांनी हात घातला तो उशिरा. अमेरिकेत 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला गेला. आपला ब्राउझर विंडोजला बांधून नेटस्केप या दुसऱ्या ब्राउझरला मारलं, हा मुख्य आरोप. 2000 मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करा म्हटलं, वरच्या कोर्टानं पुढच्या वर्षी ते रद्द केलं आणि तडजोड झाली. युरोपियन आयोगानं 2004 मध्ये 497 दशलक्ष युरो दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेली विंडोजची आवृत्तीही विकायला लावली. म्हणजे घरात सिनेमा कशावर बघायचा, हा प्रश्न तेव्हाच कोर्टात गेला होता. प्लेअर नसलेली ती विंडोज फारशी कोणी घेतली नाही, कारण किंमत तीच होती. आपल्या स्पर्धा आयोगानं 2022 मध्ये गुगलला अँड्रॉइडच्या बाबतीत 1337.76 कोटींचा दंड केला. फोनवाल्या कंपन्यांना गुगलची सगळी ॲप एकत्रच घ्यावी लागायची, त्यातलं एक वगळता यायचं नाही, ही तक्रार होती. ऐकायला नवं, पण गोष्ट तीच.

सॉफ्टवेअरच्या कुलपातलं आम्हा मिक्सिंगवाल्यांना सगळ्यात जास्त लागलं ते मराठी. जुन्या लग्नांची टायटलं ज्या फॉन्टमध्ये केली, त्यांची अक्षरं त्या-त्या कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांवर बसवलेली होती, आणि काहींना कॉम्प्युटरला डोंगल लावल्याशिवाय जाग येत नसे. डोंगल हरवलं की 'चि. सौ. कां.'च्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा काला. युनिकोड आल्यावर अक्षराचा आकडा जगात एकच झाला, कंपनी कोणतीही असो. तरी छापखान्यांत जुन्याच फॉन्टवर आणि केव्हाच थांबलेल्या पेजमेकरवर पत्रिका निघतात, कारण वीस वर्षांच्या फाइली त्यातच आहेत. मिक्सिंगमध्ये 2013 पासून अडोबीनं सॉफ्टवेअर एकदा विकायचं सोडून महिन्याच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. राजापेठच्या गल्लीत लग्नसराईचे चार महिने काम आणि आठ महिने माशा. तिथे बारा महिन्यांचं भाडं कोण भरणार? बरेच जण एडियसवर राहिले, काही फुकटच्या दा विंचीवर गेले.

माझ्या बाकावर मात्र सगळ्यात जास्त राबतं ते व्हीएलसी हे व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी 1996 मध्ये सुरू केलेलं, 2001 पासून सगळ्यांसाठी खुलं. जे कशातच उघडत नाही ते आधी त्यात टाकून बघते. डीव्हीडीला नंबर विचारत नाही, विंडोज 8 पासून विंडोजनं डीव्हीडी चालवायचं आपणहून सोडलं तेव्हाही ते चालवत होतं. 2022 मध्ये काही महिने भारतात त्याच्या साइटवरच बंदी होती, ती नोव्हेंबरमध्ये उठली. कारण काय, हे बनवणाऱ्यांनाही आधी कोणी सांगितलं नव्हतं.

हल्ली पोरं म्हणतात, काकू, कशाला ही कटकट, सगळं फोनमध्ये आहे. फोनमध्ये नाही, फोनमधून कुणाच्या तरी खात्यात आहे. गुगलनं फोटो-व्हिडिओची अमर्याद फुकट जागा 2021 च्या जूनपासून बंद केली, आता 15 जीबीनंतर पैसे. दोन वर्षं न उघडलेलं खातं ते पुसूनही टाकू शकतात. आजोबा गेले, पासवर्ड त्यांच्यासोबत गेला, असं घर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकाला साधी एमपी4 फाइल देते, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर, आणि एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवायला सांगते. फायरवायरचं कार्ड बसवलेला माझा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर आहे. एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टनं 2014 मध्येच थांबवला, म्हणून त्याला इंटरनेटची तार लावत नाही. मुलगा तो टाकून द्या म्हणतो. मिनी डीव्हीची एखादी फीत त्याच्या नव्या लॅपटॉपला जोडून दाखव म्हटलं की गप्प बसतो.

कोणी विचारलंच की आधी काय आणू, तर घाई व्हीएचएसची नाही, तिला अजून यंत्र मिळतं. आधी त्या छोट्या डीव्हीडी चकत्या आणा, मग मिनी डीव्ही आणि हाय-8 च्या फिती. आणि ज्या कॅमेऱ्यात शूटिंग केलं होतं तो घरात कुठे पडला असेल तर बंद असला तरी आणा, चार्जरसकट.