घरच्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी? पैसे देण्याआधी एवढं समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर : दहावी-बारावीचे निकाल लागले की कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठणकडून पालक पोरांना घेऊन शहरात कॉम्प्युटर बघायला येतात. दुकानदार दोन कोटेशन पुढं ठेवतो. एकावर '१ टीबी हार्ड डिस्क' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर '२५६ जीबी एसएसडी'. आकडा बघितला तर पहिलं चौपट मोठं. साहजिकच माणूस म्हणतो, जास्त मिळतंय ते घेऊ. इथंच पुष्कळ जणांचा हिशेब चुकतो. साठवायला किती जागा आहे हे आकडा सांगतो, पण मशीन किती पटकन चालेल हे सांगत नाही.

थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकतो. विंडोज आणि रोजची कामं एसएसडीवर, मोठमोठे व्हिडिओ आणि जुना साठा हार्ड डिस्कवर, आणि पुन्हा मिळणार नाही अशा गोष्टींची एक प्रत या दोन्हींच्या बाहेर. असं का, ते आता सविस्तर बघू.

दोन्हींत फरक काय?

हार्ड डिस्कच्या आत खरोखरची तबकडी असते. ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारते आणि तिच्यावरून एक बारीक दांडा पुढं-मागं सरकत माहिती वाचतो. जुन्या ग्रामोफोनची पिन आठवा. फरक एवढाच, की हा दांडा तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तो तरंगत असतो. हे तंत्र १९५६ सालचं आहे. आयबीएम कंपनीनं तेव्हा बनवलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये ५० मोठ्या तबकड्या होत्या, मशीन फ्रिजपेक्षा मोठं होतं आणि सगळी मिळून जागा ५ एमबीच्याही आत भरत होती. आज मोबाईलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा तेवढा असतो.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सगळा कारभार चिपवर चालतो. तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये जी मेमरी आहे, त्याच जातीची ही मेमरी. मोबाईलचं बटण दाबताच स्क्रीन उघडते आणि घरातला कॉम्प्युटर मात्र चहा होईपर्यंत गोल-गोल फिरत बसतो. पुष्कळदा त्याचं मुख्य कारण ही तबकडीच असते.

वेगात किती फरक पडतो?

मोठी फाईल सलग वाचायची असेल तर घरगुती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी देते. साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास देते. नवीन एनव्हीएमई एसएसडी ३००० एमबीच्याही पुढं जाते.

पण खरा फरक बारीक फायलींत आहे. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणाहून उचलाव्या लागतात. हार्ड डिस्कच्या दांड्याला दरवेळी सरकून जागा शोधावी लागते. एका सेकंदात तो जेमतेम शंभरेक ठिकाणी पोचतो. एसएसडीला सरकायचंच नसतं, त्यामुळं ती त्याच वेळात हजारो ठिकाणचं वाचते. म्हणून जो कॉम्प्युटर चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेत होता, तो एसएसडी टाकल्यावर बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत उभा राहतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. एसएसडीनं इंटरनेट वाढत नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना साईट अडकली किंवा रेंज नसली, तर तिथं एसएसडी काही करू शकत नाही.

जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका

पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर हँग होतो म्हणून नवीन घ्यायला निघाला असाल, तर आधी एक तपासणी करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन डिस्कवर क्लिक करा. विंडोज १० किंवा ११ असेल तर तिथं एसएसडी आहे की एचडीडी, हे लिहिलेलं दिसतं. एचडीडी म्हणजे हार्ड डिस्क. साधं काम करतानाही तिथला डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांवर जात असेल, तर अडचण बहुतेक डिस्कचीच आहे.

अशा मशीनला नुसती एसएसडी बसवली तरी त्यात जीव येतो. नवीन कॉम्प्युटरच्या मानानं हा खर्च फारच कमी असतो. डेस्कटॉपमध्ये जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून शेजारी एसएसडी लावता येते. लॅपटॉपमध्ये जागा एकच असेल तर हार्ड डिस्क काढून तिथं एसएसडी बसवतात आणि काढलेली डिस्क यूएसबीच्या डबीत घालून बाहेरून वापरता येते. काम सुरू करण्याआधी आतले फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडं कॉपी झालेली आहेत, हे स्वतः बघा.

दोन अडचणी आधीच सांगायला हव्यात. रॅम २ किंवा ४ जीबीच असेल तर एसएसडीबरोबर तीही वाढवून ८ जीबी करा, नाहीतर फरक अर्धाच जाणवेल. दुसरं, विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. टायपिंग, अभ्यासाचे व्हिडिओ, प्रिंट काढणं यासाठी असं मशीन चालून जाईल. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करू नका. किंवा जाणकाराकडून मोफत मिळणारी लिनक्स टाकून घ्या.

लाईट, ऊन आणि गाडीचे धक्के

आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. चालू काम असताना लाईट गेली तर हार्ड डिस्क असो वा एसएसडी, दोन्हींमधली उघडी फाईल खराब होऊ शकते. विंडोज बिघडण्याचाही धोका असतो. त्यामुळं डेस्कटॉपला यूपीएस हवाच. पाच-दहा मिनिटं चालला तरी पुरे, तेवढ्या वेळात नीट शटडाऊन करता येतं. लॅपटॉपला बॅटरी असते, पण ती मेलेली असेल तर त्याची गत डेस्कटॉपसारखीच.

धक्क्याच्या बाबतीत एसएसडी सरस आहे. हार्ड डिस्क चालू असताना टेबल जोरात हललं किंवा लॅपटॉप पडला, तर तो तरंगता दांडा तबकडीवर आपटून माहिती कायमची जाऊ शकते. हार्ड डिस्कवाला लॅपटॉप झाकण लावून चालूच ठेवला आणि पिशवीत टाकून मोटारसायकलवर निघाले, असं करू नका. पूर्ण बंद करा, मगच उचला.

उन्हाचं गणित थोडं वेगळं आहे. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४० च्या पुढं जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या कॉम्प्युटरला हवा लागू द्या आणि पंख्यावरची धूळ काढत जा. आणि महत्त्वाचं म्हणजे, एसएसडीत सगळं भरून ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका. चिपमध्ये माहिती विजेच्या बारीक भाराच्या रूपात असते. करंट न मिळता बराच काळ गेला, त्यातही जागा गरम असली, तर तो भार हळूहळू उतरतो. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी हार्ड डिस्कच बरी. तीही वर्षातून एक-दोनदा लावून बघायची.

'एसएसडी लवकर झिजते', हे खरं का?

एसएसडीवर किती लिहिता येईल याला मर्यादा असते, ही गोष्ट खरी आहे. पण ती किती, ते बघा. चांगल्या कंपनीच्या ५०० जीबी एसएसडीला साधारण २०० ते ३०० टीबी लिहिण्याची हमी असते. घरात रोज २० जीबी लिहिलं, जे आपल्याकडं क्वचितच होतं, तरी वर्षाला ७ टीबीच्या थोडं वर जातं. म्हणजे २०० टीबी संपायला पंचवीसहून जास्त वर्षं लागतील. झिजण्याची काळजी घरगुती माणसानं करायचं कारण नाही.

काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टीची. हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा टक-टक आवाज करते, फायली उघडायला वेळ लावते, म्हणजे काहीतरी खूण देते. एसएसडी मात्र एखाद्या दिवशी न सांगता गप्प होऊ शकते. तिच्यातून डिलीट झालेली फाईल परत मिळणंही फार अवघड.

आता सातबारा, आठ-अ गेले तर महाभूमीवरून पुन्हा काढता येतात. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळू शकते. पण बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, गेलेल्या आजोबांचा रेकॉर्ड केलेला आवाज, पोरांचे लहानपणीचे फोटो कुठल्याही सरकारी साईटवर नाहीत. त्यांची एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि त्यातलं निवडक गुगलच्या १५ जीबी मोफत जागेत ठेवा. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतले फोटो मिळत नाहीत.

मग हार्ड डिस्क कुणी घ्यावी?

दुकान, दूध डेअरी, गोठा किंवा शेतावर सीसीटीव्ही असेल तर त्याच्या डीव्हीआरला हार्ड डिस्कच लागते, तीही सीसीटीव्हीसाठी बनवलेली. तिथं रात्रंदिवस रेकॉर्डिंग चालतं आणि जागा जास्त हवी असते. फोटो-व्हिडिओ शूटिंगचा धंदा असेल तरी साठ्यासाठी हार्ड डिस्क परवडते, कारण तेवढ्याच जागेला ती स्वस्त पडते.

घरच्या वापराला २५६ जीबी एसएसडी ही किमान. अभ्यास, टायपिंग, ऑनलाईन फॉर्म एवढंच असेल तर ती पुरते. मुलगा इंजिनिअरिंगला असेल किंवा घरात व्हिडिओ एडिटिंग होत असेल तर ५१२ जीबी घ्या.

दुकानात हे विचारा

– माझ्या मशीनला कुठली एसएसडी बसते? जुन्या मशीनला बहुतेक अडीच इंची साटा लागते. एम डॉट टू नावाच्या चपट्या पट्टीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात. दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येक मशीनला दोन्ही चालतीलच असं नाही. मॉडेल नंबर सोबत न्या.

– कंपनी कुठली आणि वॉरंटी किती? नामांकित कंपन्या तीन ते पाच वर्षं देतात. बिनानावाच्या एसएसडीच्या नादी लागू नका.

– वापरलेली डिस्क नवी म्हणून तर देत नाहीत ना? क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावून दाखवायला सांगा. डिस्क किती तास चालली, ते त्यात दिसतं. नवीन म्हणून दिलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर परत करा.

– जीएसटीचं पक्कं बिल घ्या. अनुक्रमांक त्यावर लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते.

घरी आल्यावर १ टीबी डिस्क ९३१ जीबीच दिसते, २५६ ची २३८ दिसते. इथं दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं मोजतं, म्हणून आकडा कमी दिसतो.

खरी फसवणूक दुसरीकडं आहे. मोबाईलवर जाहिरात येते, '१६ टीबी एसएसडी, फक्त काही शे रुपयांत'. आत लहानशी चिप असते आणि आकडा खोटा दाखवलेला असतो. फायली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, पण खरी जागा भरली की पुढचं सगळं वाया जातं. लग्नाचा व्हिडिओ त्यात टाकून मूळ प्रत डिलीट केली, की संपलं.

किमतीबद्दल एक शेवटचं. २०२५ च्या शेवटापासून जगभर मेमरी चिपचे भाव चढले आहेत, कारण एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना त्या मोठ्या प्रमाणात लागतात. त्यामुळं भावकीतल्या कुणीतरी दोन वर्षांपूर्वी दिलेला भाव धरून दुकानदाराशी भांडू नका. एकाच दिवशी दोन-तीन दुकानांत एकाच मॉडेलचा भाव विचारा. बजेट कमी पडत असेल तर महागडं कॅबिनेट, रंगीत लाईटवाला कीबोर्ड सोडा, पण एसएसडी आणि यूपीएस सोडू नका.