टँकरची वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली आणि यवतमाळ शहरात घरोघरी टँकर हाच बोलण्याचा विषय झाला. नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येई. टँकर येणार एवढे ठाऊक असे, पण कधी येणार हे ठाऊक नसे. मग ड्रम, गुंड आणि बादल्या रांगेत लागत आणि घरातले एक माणूस त्यांच्यापाशी अडकून पडे. ज्याचे पोट हातावर, त्याचा त्या दिवसाचा रोज बुडे.

पाणी किती मिळणार हे पावसाच्या हाती असते. असलेले पाणी कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या क्रमाने न्यायचे, हे मात्र आपल्या हाती असते. माझी हयात गणित शिकवण्यात गेली. म्हणून आज या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलतो.

वरवर पाहता प्रश्न सोपा वाटतो. पाणी भरून निघायचे, ठरलेल्या ठिकाणी ते द्यायचे आणि परत यायचे. पाच ठिकाणे असली तर ती घेण्याचे १२० क्रम होतात. उलट दिशेचा फेरा तेवढ्याच अंतराचा धरला, तर उरतात ६०. कागदावर तासाभरात तपासता येतील. ठिकाणे दहा झाली की हाच आकडा १८,१४,४०० वर जातो. मिनिटाला एक क्रम, असे रात्रंदिवस तपासत बसलो तरी १,२६० दिवस लागतील. तोवर तीन उन्हाळे निघून जातील!

म्हणून गणितज्ञांनी कामचलाऊ, पण चांगल्या युक्त्या शोधल्या. गंमत म्हणजे या शास्त्राची सुरुवातही टँकरपासूनच झाली. १९५९ साली अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅम्झर यांनी एक प्रश्न मांडला. एका डेपोतून अनेक पंपांना पेट्रोल पोचवायचे आहे, तर गाड्यांचे फेरे कमीत कमी अंतरात कसे बसवावेत? पुढे १९६४ साली क्लार्क आणि राईट यांनी त्यावर एक सुटसुटीत रीत सांगितली. ती आपण आपल्या टँकरला लावून पाहू.

समजा, भरणा केंद्रापासून एक वस्ती ४ किलोमीटरवर आहे, दुसरी ५ किलोमीटरवर, आणि दोन्ही वस्त्यांमध्ये २ किलोमीटरचे अंतर आहे. दोन वेगळे फेरे केले तर ८ आणि १० मिळून १८ किलोमीटर होतात. दोन्ही वस्त्या एकाच फेऱ्यात घेतल्या तर ४, २ आणि ५ मिळून ११. बचत ७ किलोमीटरची. अशी प्रत्येक जोडीची बचत काढायची आणि सर्वांत मोठ्या बचतीपासून जोड्या जुळवत जायचे. अट एकच, जोडलेल्या वस्त्यांची गरज टँकरच्या मापात बसली पाहिजे.

दुसरी रीत त्याहून सोपी आहे. यवतमाळातून दारव्हा, आर्णी, पांढरकवडा, धामणगाव आणि कळंब अशा चहूकडे वाटा फुटतात. अशा शहराचे भाकरीसारखे चतकोर करावेत आणि एकेका टँकरला एकेक चतकोर नेमून द्यावा. म्हणजे एकच गाडी सकाळी लोहारा आणि दुपारी वडगाव अशी शहरभर फिरत नाही. नकाशावर फेऱ्याची रेघ काढली आणि ती स्वतःलाच छेदून गेली, तर बहुतेक वेळा तो फेरा आणखी लहान करता येतो.

पण किलोमीटर वाचले म्हणजे वेळ वाचलाच असे नाही. दहा हजार लिटरचा टँकर आणि घरटी दोनशे लिटरचा एक ड्रम, असा हिशेब धरा. पन्नास घरे होतात. एका ड्रमला दोन मिनिटे लागली तर नुसता टँकर रिकामा व्हायला शंभर मिनिटे जातात. गाडी धावते त्याच्यापेक्षा उभीच जास्त राहते. दुसरा पाइप लावला आणि दोन्हींना पहिल्याइतकीच धार राहिली, तर पन्नास मिनिटे वाचतात. दूध, गॅस सिलिंडर, टपाल, कुठलेही वाटप घ्या, थांब्यावरचा वेळ आधी मोजावा आणि मग रस्त्याकडे वळावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सर्वांत छोटा फेरा हा सर्वांत न्यायाचा असतोच असे नाही. फेऱ्यात कोणीतरी शेवटचे असतेच. पाणी कमी भरले, गर्दी वाढली की तुटवडा त्याच्याच वाट्याला येतो. रोज तोच क्रम ठेवला तर रोज तीच गल्ली कोरडी राहते. त्यावर उपाय म्हणजे आज जो फेरा पहिल्या टोकाने सुरू झाला, तो उद्या दुसऱ्या टोकाने सुरू करायचा. अंतर जवळजवळ तेवढेच राहते आणि शेवटचा नंबर पाळीपाळीने येतो. मधल्या वस्त्यांच्या वेळेत फारसा फरक पडत नाही.

हा क्रम आणि अंदाजे वेळ चौकातल्या फळ्यावर आदल्या दिवशी लिहून ठेवावी. टँकर सकाळी अकराच्या सुमारास येणार हे कळले, तर शेजारीण शेजारणीचा ड्रम भरून ठेवील, आणि एखादी मुलगी रांगेत न बसता शाळेत जाईल. याला संगणक असला तर उत्तम, नसला तरी शहराचा नकाशा, टाचण्या आणि दोरा पुरतो. मात्र हे काम धरणात पाणी असतानाच करून ठेवावे. धरण आटल्यावर नकाशा उघडायला कोणालाच सवड नसते.