एक गिऱ्हाईक, एक विंडो
डीटीपी आणि छपाईवाल्या बंधूंसाठी नोटपॅडची एक कामाची सोय

राबोडी, मुंब्रा-कौसा, कल्याणचा दूधनाका किंवा डोंबिवली स्टेशनचा परिसर, कुठेही जा. झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात गिऱ्हाईक कॉम्प्युटरशेजारच्या स्टुलावर बसलेले असते आणि त्याची नजर पडद्यावर असते. एकाला निकाहाच्या पत्रिकेचा मजकूर तपासायचा असतो, दुसऱ्याला बिलबुकावर जीएसटी नंबर टाकून हवा असतो, तिसरा कोटेशनसाठी खोळंबलेला असतो. काम करणारा एक आणि उघड्या फायली दहा! घोटाळा होतो तो इथेच.

एका घरच्या पत्रिकेत दुसऱ्या घरच्या वलीम्याचा हॉल छापला गेला, तर पाचशे पत्रिका रद्दीत जातात. कागद, शाई, मजुरी सगळे दुकानदाराच्या अंगावर पडते. पण पैशाचे नुकसान एक वेळ भरून निघेल. एका व्यापाऱ्याचा भाव शेजारी बसलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याने पडद्यावर वाचला, तर गेलेला विश्वास परत येत नाही. गिऱ्हाइकाचा कागद आपल्या हाती अमानत असतो. तीच गोष्ट त्याच्या फायलीची.

टॅब की विंडो?

आपल्या कामात नोटपॅड रोज लागते. वर्डमधून किंवा ईमेलमधून उचललेला मजकूर आपले फॉन्ट, रंग आणि आकार बरोबर घेऊन येतो. तो आधी नोटपॅडमध्ये टाकला की हा पसारा गळून पडतो आणि नुसती अक्षरे उरतात. मग तो कोरलड्रॉमध्ये नीट बसतो.

१९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून नोटपॅड तिच्यासोबत आहे. त्यात प्रत्येक फाइल वेगळ्या विंडोत उघडत असे. २०२३ मध्ये विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये टॅब आले. आता नवी फाइल त्याच विंडोत, वरच्या पट्टीवर, आधीच्या फायलीला खेटून उघडते. विंडोज १० वाल्यांकडे मात्र जुनीच पद्धत आहे.

टॅबमुळे पडदा मोकळा राहतो. एकाच पार्टीचे पत्र, पाकीट आणि बिलबुक असे तीन मजकूर असतील तर टॅब उत्तम. पण पार्ट्या वेगळ्या असतील तर अडचण होते. वरच्या पट्टीवर सगळ्यांची नावे ओळीने दिसतात, आणि घाईत शेजारच्या टॅबवर क्लिक झाले की दुसऱ्याचा मजकूर समोर उघडतो. शिवाय जुनी पत्रिका आणि दुरुस्त पत्रिका शेजारी ठेवून ताडायची असेल तर दोन विंडो लागतातच.

कसे बदलावे?

नोटपॅडच्या उजव्या कोपऱ्यात वर दातेरी चाकाचे चिन्ह आहे. ते दाबले की सेटिंग्ज उघडतात. तिथे ‘ओपनिंग फाइल्स’ या ओळीत ‘न्यू टॅब’ आणि ‘न्यू विंडो’ असे दोन पर्याय आहेत. ‘न्यू विंडो’ निवडा. यापुढे फोल्डरमधून उघडलेली प्रत्येक फाइल स्वतंत्र उघडेल.

सेटिंग न बदलताही काम होते. टॅब माऊसने धरून बाहेर ओढला की त्याची वेगळी विंडो होते. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबले की कोरी विंडो मिळते. विंडोजची कळ दाबून डावा किंवा उजवा बाण दाबला की विंडो अर्ध्या पडद्यावर बसते. दोन मजकूर ताडण्याला ही युक्ती चांगली.

काही दुकानांत फुकट मिळणारे नोटपॅड प्लस प्लस वापरतात. त्यात सगळ्या फायली टॅबमध्येच उघडतात. वेगळ्या हव्या असतील तर सेटिंग्जमधील प्रेफरन्सेसमध्ये ‘मल्टि-इन्स्टन्स’चे पान उघडून ‘ऑलवेज इन मल्टि-इन्स्टन्स मोड’ निवडावे आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा.

दोन सावधगिरी

पहिली गोष्ट कालच्या फायलींची. विंडोज ११ चे नोटपॅड बंद करून पुन्हा उघडले की आधीचे मजकूर, सेव्ह न केलेलेसुद्धा, परत समोर येतात. वीज गेली तर हे वरदान, पण सकाळी पहिले गिऱ्हाईक स्टुलावर बसलेले असताना कालच्या पार्टीचा भाव उघडा पडतो. त्याच सेटिंग्जमध्ये, नोटपॅड सुरू होताना काय दिसावे ते ठरवता येते. नव्याने सुरू होण्याचा पर्याय घेतला तर सेव्ह न केलेला मजकूर जातो. म्हणून दुकान बंद करताना प्रत्येक फाइल आधी सेव्ह करावी.

दुसरी गोष्ट जुन्या नोटपॅडची. त्यात एकच फाइल चुकून दोन विंडोंत उघडली तरी ते हटकत नाही. एकीत दुरुस्ती केली आणि नंतर दुसरी सेव्ह केली, की दुरुस्ती पुसली जाते आणि जुनी चूक छापखान्यात पोहोचते.

विंडो वेगळ्या केल्या तरी ‘बिल’, ‘नवीन’, ‘फायनल’ अशी नावे असतील तर गोंधळ कायम राहील. पार्टीचे नाव, काम आणि तारीख या क्रमाने फायलीला नाव द्या. एका पार्टीचे काम संपले की तिची विंडो बंद करा आणि मगच दुसऱ्याला स्टुलावर बोलवा. दुकानातल्या पोराला पहिल्या दिवशीच हे शिकवा. पाच मिनिटे लागतील, पण पाचशे पत्रिका वाचतील.