पाब्लो कासाल्स : चेलोवादन आणि वादनास नकार

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, पण आकाराने बरेच मोठे आणि खर्जाकडे झुकलेले तंतुवाद्य असून, वादक खुर्चीवर बसून ते दोन्ही गुडघ्यांमध्ये धरतो आणि उजव्या हातातील गज त्याच्या चार तारांवरून फिरवतो. शूमान, सँ-साँस आणि द्वोर्झाक यांनी या वाद्यासाठी कॉन्चेर्टो, म्हणजे एक प्रमुख वादक व वाद्यवृंद यांच्या संवादातून उलगडणाऱ्या दीर्घ रचना, लिहिल्या होत्या; तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकल वाद्य म्हणून व्हायोलिन आणि पियानो यांचा मान चेलोला मिळालेला नव्हता. ही स्थिती पालटण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते पाब्लो कासाल्स २९ डिसेंबर १८७६ रोजी स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील एल वेंद्रेल या गावी जन्मले. त्यांचे वडील तेथील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत, आणि आई पोर्तो रिको बेटावर जन्मलेली होती.

बार्सिलोनाच्या संगीतशाळेत चेलो शिकताना विद्यार्थ्याचा उजवा हात अंगालगत राहावा म्हणून काखेत पुस्तक धरायला लावत. कासाल्स यांनी ही पद्धत विद्यार्थिदशेतच झुगारली आणि खांद्यापासून मोकळा फिरणारा हात हा गजाच्या वादनाचा पाया मानला. डावा हात तारेवर सतत वरखाली सरकवण्याऐवजी बोटे ताणून दूरचे स्वर गाठण्याची त्यांची रीत होती, त्यामुळे दोन स्वरांमधली अनावश्यक घसीट गेली आणि जिथे मींड हवी तिथेच ती उरली. याहून महत्त्वाचा त्यांचा स्वरविचार होता : षड्जाकडे ओढ घेणारा निषाद त्याच्या अधिक जवळ, किंचित चढा लावावा, कारण पियानोवर कायमचा बांधलेला स्वर हा केवळ सोयीसाठी स्वीकारलेला मध्यममार्ग आहे, असे ते शिकवत. संवादिनीच्या अचल स्वरांविषयी हिंदुस्थानी संगीतात झालेले वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा आग्रह परका वाटणार नाही.

वयाच्या तेराव्या वर्षी, १८९० मध्ये, बार्सिलोनातील एका जुन्या दुकानात त्यांना जर्मन संगीतकार बाख यांच्या चेलोसाठीच्या सहा सुइटांची प्रत मिळाली. सुइट म्हणजे एका प्रास्ताविकेनंतर ठरावीक क्रमाने येणाऱ्या नृत्यप्रकारांची मालिका. बाख यांनी १७२० च्या सुमारास, कोणत्याही साथीशिवाय वाजवण्यासाठी लिहिलेल्या या मालिका एकोणिसाव्या शतकात अभ्यासाचे धडे म्हणूनच अधिक वापरल्या जात, आणि मैफलीत वाजलाच तर त्यांतला एखादा तुकडा वाजे. कासाल्स यांनी सुमारे बारा वर्षे खाजगीत रियाज केल्यानंतरच अखंड सुइट श्रोत्यांसमोर सादर केली, आणि १९३६ ते १९३९ या काळात लंडन व पॅरिस येथे सहाही सुइटांचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण केले.

दरम्यान १८९९ मध्ये पॅरिसमध्ये लामूरो यांच्या वाद्यवृंदाबरोबर झालेल्या वादनाने त्यांची कीर्ती युरोपभर पसरली होती, आणि पुढे पियानोवादक कोर्तो व व्हायोलिनवादक तिबो यांच्यासह त्यांनी स्थापन केलेले त्रिकूट गाजले होते. तथापि १९२० मध्ये बार्सिलोनात त्यांनी स्वतःच्या पैशावर उभा केलेला वाद्यवृंद आणि त्याच्या जोडीने कामगारांसाठी सुरू केलेली मैफलींची संस्था, ही कामे त्या कीर्तीपेक्षा अधिक मोलाची ठरतात, कारण पुढचे राजकीय निर्णय आपल्या लोकांवरच्या याच निष्ठेतून आले.

हिटलर सत्तेवर आल्यावर कासाल्स यांनी जर्मनीत वाजवण्याचे नाकारले. स्पेनच्या यादवी युद्धात सेनानी फ्रँको विजयी झाल्यावर ते सीमेपलीकडे, फ्रान्समधील प्राद या लहान गावी राहिले आणि छावण्यांत अडकलेल्या स्पॅनिश निर्वासितांच्या मदतीसाठी झटले. महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रे फ्रँकोलाही हटवतील, ही त्यांची अपेक्षा फोल ठरली. तेव्हा त्यांनी ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्या नाकारल्या आणि जाहीर वादन थांबवले. अखेर १९५० मध्ये, बाख यांच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांच्या पुढाकाराने जगभरचे वादकच प्रादला आले आणि तेथे महोत्सव सुरू झाला.

हा नकार पुढे तितका कठोर राहिला नाही. १९५८ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात वादन केले, आणि १३ नोव्हेंबर १९६१ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासमोरही, जरी अमेरिकेचे फ्रँको सरकारशी संबंध कायम होते. ही विसंगती आहेच, पण केनेडींविषयीच्या आदरापोटी, ती न लपवता केलेली ही तडजोड असल्याने तिला संधिसाधूपणा म्हणणे अन्यायाचे होईल. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते आईच्या जन्मभूमीत, पोर्तो रिकोत, स्थायिक झाले आणि २२ ऑक्टोबर १९७३ रोजी तेथेच वारले. फ्रँको त्यांच्यानंतर दोन वर्षे जगला, त्यामुळे त्यांच्या अस्थी एल वेंद्रेलला परतल्या त्या १९७९ मध्ये.

त्याच वर्षी डच वादक आनर बिल्स्मा यांनी बाखच्या काळातील धर्तीच्या चेलोवर या सुइटा मुद्रित केल्या. मेक्सिकोतील कासाल्स स्पर्धेत १९५९ मध्ये पहिले आलेले बिल्स्मा कासाल्स यांच्याहून हलक्या गजाने, नृत्याच्या चालीशी अधिक जवळिकीने वाजवत, आणि आजचे बरेच वादक त्याच वाटेने जातात. कासाल्स यांचे ध्वनिमुद्रण मात्र शैलीचा नमुना म्हणून मागे पडले तरी अजून ऐकले जाते.