इंजिन वाजतंय, पण नेमकं कुठून?

हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली आणि स्प्लेंडर १९९४ साली. त्या पिढीतल्या कितीतरी गाड्या आजही दुधाचे कॅन आणि चाऱ्याचे भारे वाहताना दिसतात. जोडीला बजाजची बॉक्सर, सीटी १००, आणि हौशी मंडळींनी जपलेली यामाहा आरएक्स १००. एवढं वय झालेली गाडी आवाज करणारच. त्यातला कोणता आवाज ऑइल बदलून भागतो, कोणता टॅपेट सेटिंगवर, आणि कोणत्या आवाजाला इंजिन खोलावंच लागतं, हे मालकाला कळलं तर बराच खर्च वाचतो. गॅरेजात नुसतं ‘इंजिन वाजतंय’ म्हटलं की समोरून ‘हाफ इंजिन करावं लागेल’ असं उत्तर येण्याचा संभव फार. म्हणून पहिला तपास आपण करावा, आणि तो स्वस्तातल्या कारणापासून सुरू करावा. इथे मुख्यतः स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनाचा विचार केला आहे. त्या वर्गातल्या इतर फोर-स्ट्रोक गाड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

आधी ऑइल

या इंजिनात एक लिटरच्या आतबाहेर ऑइल मावतं. त्यातलं पाव लिटर जरी जळलं किंवा गळलं तरी वरच्या हेडला त्याचा फटका बसतो. गाडी दोन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, ऑइल खाली उतरू द्या आणि मेन स्टँडवर सरळ उभी असताना पातळी बघा. होंडाच्या या इंजिनांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते; आटे बसवून बघितली तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. काळं, पाण्यासारखं पातळ झालेलं किंवा पेट्रोलचा वास येणारं ऑइल असेल तर ते बदलल्याशिवाय पुढचा तपास करू नये. जुनं ऑइल पांढऱ्या डब्यात काढा. थोडी करडी, बारीक चमक जुन्या इंजिनात दिसतेच. बोटाला टोचणारे कण किंवा चकाकणारे पापुद्रे दिसले, तर मात्र आत काहीतरी घासतंय.

आवाज इंजिनाचा की गाडीचा?

गाडी न्यूट्रलमध्ये, जागेवर उभी ठेवून रेस द्या. आवाज रेसबरोबर वाढला तर तो इंजिनाकडचा. जागेवर काहीच नाही आणि चालताना मात्र येतो, तर चेन, स्प्रॉकेट, चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेक बघा. मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवलं की चेनचा आवाज लगेच उघडा पडतो. कोरडी चेन कुरकुरते आणि सैल चेन कव्हरवर आपटते.

एका ठरावीक वेगालाच येणारा आणि पुढे मागे गेलं की नाहीसा होणारा आवाज बहुधा इंजिनाचा नसतोच. नंबर प्लेट, लेग गार्ड, सायलेन्सरची जाळी, हॉर्नची पट्टी यांपैकी काहीतरी त्या वेगाच्या कंपनाला साथ देत असतं. संशय असेल त्या भागावर जाड हातमोजा घालून हात दाबा. आवाज थांबला तर दुरुस्ती एका बोल्टात होते.

कान कुठे लावायचा

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायची, ही मिस्त्रींची जुनी पद्धत अजूनही उत्तम. फिरत्या चेनपासून आणि तापलेल्या सायलेन्सरपासून मात्र सांभाळून. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढे तोंड करून असतो. पुढच्या टोकाला हेड, हेडच्या डाव्या अंगाला टायमिंग चेनची चकती, खाली डाव्या बाजूच्या मोठ्या कव्हरात मॅग्नेट, उजवीकडे क्लच. एवढा नकाशा डोक्यात असला की आवाज कुठे मोठा ऐकू येतो यावरूनच अर्धं निदान होतं.

टिकटिक

हेडमधून येणारी बारीक, कोरडी, एकसारखी टिकटिक ही टॅपेटची. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. गाडी मिनिटाला १४०० फेऱ्यांवर संथ चालत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्हचा ठोका मिनिटाला ७०० वेळा पडतो. मोजता येत नाहीत, पण क्रँकच्या आवाजापेक्षा ही लय सुटी सुटी आहे हे कानाला सरावाने कळतं.

टॅपेटचं अंतर या गाड्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, बहुतेकींना ०.०५ ते ०.१० मिमी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. सेटिंग इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं, शक्यतो सकाळी. डाव्या कव्हरवरची दोन झाकणं काढून मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं, ‘टी’ खूण जुळवायची, दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात का ते बघायचं आणि मग फीलर गेज घालायची. रॉकर हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या स्ट्रोकला आहे. अजून एक फेरी द्या. अंदाजपंचे, नुसत्या बोटाच्या जाणिवेवर टॅपेट बसवणारे मिस्त्री पुष्कळ आहेत आणि काहींचा हात खरोखरच तयार असतो, तरी माझं मत गेजच्या बाजूने.

इथे एक गैरसमज घट्ट रुजलाय: टॅपेट जितका गप्प तितका चांगला. प्रत्यक्षात उलट. किंचित वाजणारा टॅपेट निरुपद्रवी असतो. घट्ट टॅपेट असला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. व्हॉल्व्हची उष्णता सीटला टेकल्यावर सीटमधून बाहेर पडते. तेवढा वेळ मिळाला नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कॉम्प्रेशन जातं आणि किक मारमारून दम निघतो. जुना टॅपेटचा आवाज काहीच न करता आपोआप बंद झाला, तर आनंद मानू नका. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत चालला की अंतर असंच कमी होत जातं.

सेटिंग करूनही टिकटिक राहिली तर रॉकरचं तोंड आणि कॅम झिजलेत का ते बघावं लागेल. त्याआधी मात्र बेंडपाइप हेडला मिळतो तो जोड तपासा. तिथलं गॅस्केट फुटलं की येणारा आवाज हुबेहूब टॅपेटसारखा असतो. फरक ओळखायला सोपा: जोडाभोवती काळी काजळी धरते, थंड इंजिनाला आवाज जास्त येतो आणि गाडी तापून धातू फुगला की कमी होतो. सायलेन्सरच्या तोंडाशी ओला जाड फडका क्षणभर धरला तर जोडातली फटफट वाढते. स्पार्क प्लग सैल असेल तरीही असाच फसफसता आवाज येतो. प्लगच्या बुडाशी तेलकट डाग दिसतो.

खळखळ

हेडच्या डाव्या अंगाकडून, विशेषतः संथ चालताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना, साखळी हलवल्यासारखी खळखळ येत असेल तर टायमिंग चेन. चेन लांबते, टेन्शनरची स्प्रिंग थकते, पण या इंजिनात सगळ्यात आधी दगा देतात ती चेनला धरून ठेवणारी रबरी रोलरं. वर्षानुवर्षं गरम ऑइलात राहून ती कडक होतात, झिजतात, आणि चेन केसिंगला घासू लागते. तीच चांदीची भुकटी मग ऑइलात दिसते.

नुसती चेन बदलून काम भागवण्याचा मोह टाळावा. झिजलेल्या दातांच्या चकत्यांवर नवी चेन टाकली तर आवाज काही महिन्यांत परत येतो. चेन, चकत्या, रोलर, टेन्शनर सगळं एकदम बदला. हे काम पुढे ढकलण्यासारखंही नाही: चेनने दात सोडला तर गाडी जागच्या जागी बंद पडते आणि व्हॉल्व्ह वाकण्याची भीती असते.

क्लच दाबून बघा

न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबल्यावर थांबते? मग क्लच हाउसिंग खिळखिळं झालंय किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग गेलंय. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच सोडवणारं छोटं बेअरिंग बघा. ठरावीक गिअरलाच येणारी गुणगुण त्या गिअरच्या दातांची. यातलं काहीच उद्या सकाळी गाडी अडवणारं नसतं.

चढावरची किणकिण

घाटात, टॉप गिअरमध्ये, मागे डबलसीट घेऊन ॲक्सिलरेटर पिळला की काचेचे मणी सांडल्यासारखी किणकिण येते. ती सुट्या भागांची नाही. पेट्रोलची वाफ वेळेआधी भडकते तिचा तो आवाज. पहिला उपाय म्हणजे एक गिअर खाली या. तरीही येत असेल तर पिस्टनवर साठलेला कार्बन, कार्बोरेटरचं कमी पडणारं पेट्रोल किंवा भेसळ ही कारणं. प्लॅटिनम पॉइंटवर चालणाऱ्या राजदूत, येझदीसारख्या गाड्यांत टायमिंग पुढे सरकलेलं असू शकतं.

पिस्टन आणि कनेक्टिंग

सकाळी पहिल्या किकला बोदा टकटकाट आणि गाडी तापल्यावर शांतता, म्हणजे पिस्टन बोअरमध्ये सैल झालाय. पिस्टन तापून फुगतो आणि फट भरते. निळा धूर नसेल, ऑइल उतरत नसेल, तर अशी गाडी संथपणे बराच काळ चालवता येते. धूर सुरू झाला की बोअर-पिस्टनचं काम आलंच.

कनेक्टिंगचा आवाज वेगळा. खोल, जड ठकठक, हेडमधून नाही तर खाली क्रँककेसमधून; फूटरेस्टवर पायालाही जाणवते. ओझं वाढलं की वाढते, आणि तापल्यावर कमी न होता अधिक स्पष्ट होते. रॉडच्या मोठ्या टोकाचं रोलर बेअरिंग गेलेलं असतं. याचं मूळ बहुतेक वेळा ऑइलातच. जुन्या स्प्लेंडरला कागदी फिल्टर नसतो. क्रँकच्या उजव्या टोकाला फिरणारा फिल्टर गाळ बाजूला फेकतो आणि ऑइल त्यातूनच कनेक्टिंगकडे जातं. तो साफ करायला क्लच कव्हर उघडावं लागतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. कनेक्टिंगची ठकठक ओळखू आली तर गाडी तिथेच बंद करा आणि टेम्पोत घालून न्या. रॉड तुटला तर क्रँककेसही फुटते.

आरएक्स १०० असेल तर

टू-स्ट्रोकला टॅपेट नाहीत, टायमिंग चेन नाही. रेस देताना येणारी खणखण बहुधा पिस्टन पिनच्या बेअरिंगची. ऑइल पंप चालू आहे का हे आधी बघा. तो थांबला तर इंजिन सीझ व्हायला वेळ लागत नाही. सिलिंडरच्या फिन्समधली रबरं गळून पडली असतील तर फिन्सच झंकारतात. तो आवाज कानाला कितीही भयंकर वाटला तरी निरुपद्रवी.

गॅरेजात काय सांगायचं

निदान मिस्त्रीवर लादू नका, लक्षणं सांगा: थंड असताना की तापल्यावर, संथ चालताना की चढावर, क्लच दाबल्यावर काय होतं, ऑइल कधी बदललं. इंजिन खोलायचं ठरलं तर हेड-सिलिंडर काढल्यावर समोर उभे राहा आणि कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून दाखवायला सांगा. रॉड बाजूला थोडा हलतो, तो हलायलाच हवा. वर-खाली जराही खेळ नसेल तर क्रँकचं काम करून घेऊ नका.